वळिवड्यातलं पोलंड

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर कोल्हापूर सोडलं की थोड्याच वेळात वळिवडे येतं. तिथं उतरणारे बहुतेक जण शेजारच्या गांधीनगरच्या घाऊक कापडपेठेत लग्नाचा बस्ता बांधायला आलेले असतात. मी मात्र नाशिकहून तिथं जातो ते पोलंड शोधायला. १९४३पासून १९४८पर्यंत या माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते.

मागची हकिगत थोडक्यात अशी. १९३९मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची लाखो माणसं घरातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेली गेली. १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यात भरती झाले आणि काही बायकामुलं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी गुजरातेतल्या बालाचडीत सांभाळलेल्या पोलिश मुलांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. आपलं वळिवडे मात्र मराठी माणसालाच माहीत नसतं, याची मला फार हळहळ वाटते.

छावणी म्हणजे एक गावच होतं. लांबलचक कौलारू बराकी, त्यांत कुटुंबागणिक खोल्या. शाळा, दवाखाना, चर्च, रंगमंच, स्काउट पथकं, सगळं होतं. बाजारही होता आणि तिथले व्यापारी गिऱ्हाइकांशी कामापुरतं पोलिश बोलायला शिकले होते. सैबेरियात भाकरीच्या तुकड्यासाठी झुरलेली पोरं इथं गृहपाठ करू लागली, नाटकं बसवू लागली, पंचगंगेवर जाऊ लागली. डोक्यावर छप्पर कोणीही देईल. या मुलांना शाळेची घंटा परत मिळाली, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांच्यातल्या अनेकांचे वडील १९४४मध्ये इटलीत माँटे कॅसिनोला लढत होते. त्याच वर्षी त्याच इटलीत माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या दोन गोष्टी एकत्र कोणी का सांगत नाही?

या निर्वासितांना आसरा देताना कोल्हापूरकरांच्या दारात गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, उभे नव्हते, हे खरं. व्हिएन्नात अराम आणि फेलिसिया ताश्जियान या आर्मेनियन दांपत्यानं एका ज्यू माणसाला घरात लपवलं, ते जिवावर उदार होऊन. १९१५चा आर्मेनियन संहार भोगलेल्या समाजातली ही माणसं! ती उंची वेगळीच. उलट इंग्रज सरकारनं १९३९मध्ये हिटलरच्या तावडीतून निसटून आलेल्या ज्यूंनाही 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून नगरच्या छावणीत नाझींसोबत डांबलं. आमच्या देवळालीतही अशी नजरकैद छावणी होती.  एकीकडे पोलिश निर्वासितांना थारा आणि दुसरीकडे ही कैद, अशी एकाच सरकारची दोन तोंडं पाहिली, की वळिवड्याची किंमत जास्तच कळते.

युद्ध संपलं, पण पूर्व पोलंड रशियाकडे गेला. अनेकांना परतायला घरच उरलं नाही. कोणी ब्रिटन गाठलं, कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी कॅनडा. पोलिश रेड क्रॉसच्या किरा बनासिन्स्का भारतातच राहिल्या, हैदराबादला. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. तिथल्या एका दुकानदारकाकांनी मला गोदामामागची जुनी कौलं हौसेनं दाखवली; त्यांच्या वडिलांचा संसार त्याच कौलांखाली सुरू झाला होता.

छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढं लंडनमध्ये आपली संघटना काढली आणि आठवणींचा जाडजूड ग्रंथ केला. २०१९च्या सप्टेंबरात त्यांच्यातले काही जण उतारवयात पुन्हा कोल्हापूरला आले.