शेणाच्या पाण्यात बेसन कशाला?

200 लिटरचा ड्रम पाण्याने भरायचा. त्यात 10 किलो गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ई! नाक दाबू नका, हे जीवामृत आहे. शेतकरी ते काठीने ढवळतो, सावलीत झाकून ठेवतो आणि दोन दिवसांत ते फसफसायला लागतं. गूळ-बेसन पिकासाठी नाहीच मुळी! शेणामातीतल्या जीवाणूंची ती मेजवानी. खाऊन ते भराभर वाढतात, मग हे पाणी एकरभर रानाला द्यायचं.

खरं सांगू? एवढ्याशा शेणाने एकरभर पिकाचं पोट भरत नाही. पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत लागतंच. त्याने जमीन भुसभुशीत होते, मुळांपर्यंत हवा पोचते. हरभरा, तूर, मूग यांना ती हवीच असते, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जीवाणू राहतात. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. हे जीवाणू तो झाडाजोगा करून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. डाळीतली प्रथिनं बनतात ती या नायट्रोजनच्या जोरावर.

हरभऱ्याला फुलं येऊ लागली की मोठ्यांना विचारून एक रोप खुरप्याने मातीसकट काढा. उपटलंत तर गाठी मातीतच राहतील. मुळं हळूच धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद, लेगहिमोग्लोबिन, तिथे असतो. जीवाणूंना श्वासापुरता ऑक्सिजन मिळावा, पण नायट्रोजन पकडण्याचं काम जास्तीच्या ऑक्सिजनने बिघडू नये, हे तो सांभाळतो. गाठ हिरवट निघाली तर तिचं काम थांबलंय. टहाळ खाताना मात्र गाठी शोधू नका. घाटे भरेपर्यंत बऱ्याचशा थकलेल्या असतात.

भरपूर युरिया टाकला तरी गाठी कमी होतात. आयता डबा आल्यावर चूल कोण पेटवणार?

हे जीवाणू पाकिटातही मिळतात. 250 ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून 10 किलो बियाण्याला चोळायचं आणि बियाणं सावलीत सुकवायचं, कारण उन्हात जीवाणू मरतात. पाकिटावर पिकाचं नाव वाचायला विसरायचं नाही. हरभऱ्याच्या जीवाणूंचं तुरीशी पटत नाही. तूर, मूग आणि उडीद यांचं मात्र एकाच गटाच्या जीवाणूंशी छान जमतं.