बाळाचं पहिलं वर्ष (भाग ७) : शीचा रंग आणि संध्याकाळचं रडणं

दीड-दोन महिन्यांचं बाळ. तोंड लालबुंद झालेलं, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले. दहा मिनिटं कुंथतं, मध्येच किंचाळतं, सगळं घर पाळण्याभोवती गोळा होतं. मग मऊ, पिवळीधमक शी होते आणि बाळ लगेच खुशीत हातपाय हलवायला लागतं. अशा बाळाला बद्धकोष्ठता झाली म्हणून दवाखान्यात आणतात. ती बद्धकोष्ठता नव्हे. शी करायची तर पोटातून जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे, ही दोन कामं एकदम जुळावी लागतात. बाळ ते शिकत असतं आणि काही आठवड्यांत त्याला ते जमतं. तोवर तेल लावलेलं विड्याच्या पानाचं देठ किंवा साबणाची कांडी आत सारू नये. तिथली त्वचा फार नाजूक असते.

गेल्या भागात आपण अंगावर पाजण्याबद्दल बोललो. त्याला जोडूनच पुढचा प्रश्न येतो : शी किती वेळा व्हावी? जन्मानंतरची पहिली काळपट, चिकट शी चोवीस तासांत व्हायला हवी. ४८ तास उलटूनही झाली नाही, तर तपासणी लागते. पुढचे काही आठवडे अंगावर पिणारं बाळ दर पाजण्यानंतर शी करू शकतं, कारण पोटात दूध पडलं की मोठं आतडं हालायला लागतं. दिवसाला आठ-दहा वेळा पातळसर शी झाली, तरी बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर ते जुलाब नव्हेत. अनेक घरांत मात्र पहिला संशय आईच्या ताटावर जातो. डाळ बंद, फळं बंद, ताक तर नकोच. जिला सगळ्यात जास्त पोषण हवं, त्या बाळंतिणीचंच जेवण तोडायचं, हे मला फार क्लेशदायक वाटतं.

दीड महिन्यानंतर चित्र उलटतं. तेच बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. आईचं दूध बहुतेक सगळं पचतं, चोथा फारसा उरतच नाही. पोट मऊ आहे, लघवी दिवसातून सहा वेळा तरी होते आहे आणि शी झाली की मऊच होते आहे, एवढं पाहावं. वरच्या दुधावरच्या बाळाला कडक, सुटे खडे होत असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारावं.

आता रंग. हिरवी शी दिसली की घरं हादरतात, लंगोटाचे फोटो काढून पाठवले जातात. पण पिवळा, हिरवा, खाकी हे सगळे पित्ताचेच रंग. ते दिसतात याचा अर्थ यकृतातलं पित्त आतड्यात उतरतं आहे. काळजी करायची ती पांढरट किंवा फिकट मातकट शीची, आणि नेमकी तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. काही थोड्या बाळांमध्ये पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या जन्मल्यापासून बंद असतात किंवा पहिल्या काही आठवड्यांत बंद होत जातात. बाळ दूध पितं, छान दिसतं, फक्त कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळते, लघवी गडद पिवळी होते आणि शीचा रंग उडत जातो. मोरिओ कासाई या जपानी सर्जनांनी १९५०च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. ती पहिल्या दोन महिन्यांत झाली, तर यशाची शक्यता सर्वांत चांगली असते. उशीर झाला की यकृत हळूहळू निकामी होत जातं. तैवानने २००४ पासून देशभर आईच्या हातात शीच्या रंगांचं चित्रकार्डच दिलं. आपल्याकडे प्रत्येक बाळंतिणीला घरी सोडताना असं कार्ड मिळायला हवं, खर्च जेमतेम एका छापील कागदाचा.

गुळणीबद्दल थोडक्यात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू बाळात अजून सैल असतो, त्यात आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, म्हणून दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वांत जास्त असतं, वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. वजन वाढत असेल तर औषध नको. हिरवी उलटी झाली तर मात्र त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ दर वेळी लांब फेकली जाणारी उलटी करून लगेच पुन्हा भुकेलं होत असेल, तरी थांबू नये. जठराचं पुढचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं.

राहिलं संध्याकाळचं रडणं. दिवेलागणीला सुरू होतं, काही केल्या थांबत नाही. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनहून जास्त दिवस, ही व्याख्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी १९५४ मध्ये मांडली. नेमकं कारण आजही हाती लागलेलं नाही. सहाव्या आठवड्यात ते कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. नेमकी याच काळात सहाण बाहेर निघते. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळून गुटी चाटवली जाते, वर मधाचं बोट. उगाळलेली ओली मुळी तशीच डबीत जाते, तिला बुरशी धरते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा सहाणेवर येते. जायफळानं येते ती गुंगी. मधातून तर बोट्युलिझमचे जंतू जाऊ शकतात, म्हणून वर्षभर मध वर्ज्य. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, मग गुटी आणि ग्राइप वॉटर कशाला? आजीचे हात इथे दुसऱ्या कामाला हवेत : बाळाला खांद्यावर पालथं घेऊन फिरायला, आणि थकलेल्या आईला तासभर निजू द्यायला.

हे रडणं आणि एक दुसरं रडणं यांत गल्लत करू नये. पाच ते नऊ महिन्यांचं बाळ अचानक कळवळतं, शांत होतं, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा कळवळतं, मधल्या वेळात मलूल पडून राहतं. कधी उलट्या होतात, शीत लाल, जेलीसारखं रक्त दिसतं. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकल्याची ही लक्षणं आहेत. वेळेत पोचलं, तर बहुतेकदा गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडूनच आतडं जागेवर आणता येतं, पोट उघडावं लागत नाही. रक्त दिसण्याची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

पुढच्या भागात खरे जुलाब, ओआरएस आणि झिंक.