परिक्रमेचें ओझें आणि परिक्रमेचा खर्च

नर्मदेची पायीं परिक्रमा करावी असें ज्याच्या मनांत येतें, त्याला श्रद्धेविषयीं कोणी शिकवावें लागत नाहीं. त्याची गांठ पडते ती दोन अगदीं संसारी प्रश्नांशीं : पाठीवर किती घ्यावें आणि दिवसाला किती खर्चावें ?

प्रथम मार्गाचा हिशेब पाहूं. नर्मदेची लांबी सुमारें १,३१२ किलोमीटर आहे. म्हणजे दोन्ही तीर मिळून २,६०० किलोमीटरांहून अधिक चाल होते. धरणांच्या जलाशयांखालीं जुन्या वाटा गेल्यामुळें ठिकठिकाणीं वळसेहि पडतात. रोज सरासरी २० किलोमीटर चालणाऱ्यास १३० दिवस लागतील. विसाव्याचे २० दिवस धरले कीं पांच महिने झाले. चातुर्मासांत परिक्रमा थांबते, म्हणून पुष्कळ यात्रेकरू कार्तिकांत ओंकारेश्वराहून निघतात. नदी उजव्या हातास ठेवून दक्षिण तीरानें समुद्रापर्यंत जातात, नावेनें मुख ओलांडतात, उत्तर तीरानें अमरकंटक गांठतात आणि दक्षिण तीरानें परततात. अर्थात् थंडी वाटेंत गांठते आणि शेवटच्या टप्प्यांत निमाडचें ऊन भेटतें.

पांच महिन्यांचा प्रवास म्हणजे पांच महिन्यांचें सामान, ही समजूत मात्र चुकीची होय. नदी रोज जवळ असल्यानें कपडे रोज धुतां येतात. अंगावरील एक आणि पिशवींतील एक असे दोन जोड पुरतात. सामानाचें वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवावें. ६० किलो वजनाच्या माणसानें ६ किलो. पाणी त्याहून वेगळें, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझें. ३५ ते ४० लिटरांची पिशवी पुरे. मोठी घेतली तर रिकामी जागा भरण्याचा मोह सुटत नाहीं.

पिशवी निवडतांना माणसाची उंची पाहूं नये, पाठीची लांबी पाहावी. मान खालीं वांकविली असतां तिच्या तळाशीं जें हाड वर येतें, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यावें. कमरपट्टा त्या हाडांवर टेकला म्हणजे बहुतेक भार कमरेवर जातो आणि खांदे मोकळे राहतात. जड वस्तु पाठीलगत ठेवाव्या. भरलेली पिशवी घेऊन घरींच तीन दिवस ओळीनें पंधरा-पंधरा किलोमीटर चालून पाहावें. जी वस्तु त्या तीन दिवसांत नकोशी झाली, ती तीरावरहि नकोशीच होईल. जाड पांघरूण थंडीपुरतेंच लागतें; ऊन तापूं लागलें कीं तें टपालानें घरीं धाडावें.

आतां खर्च. वाटेंत आश्रम आहेत, सदावर्तें आहेत, कित्येक ठिकाणीं जेवण व निवारा विनामूल्य मिळतो. म्हणून पुष्कळजण रोजचा खर्च शून्य धरतात. परंतु सातपुड्याच्या डोंगरांत, नंदुरबार जिल्ह्यांतील धडगांवच्या बाजूस, जो शेतकरी पाहुण्यापुढें भाकरी ठेवतो, ती त्याच्या वर्षाच्या धान्यांतून आलेली असते. जें यात्रेकरूनें उचललें नाहीं आणि ज्याचे पैसे दिले नाहींत, तें कोणीतरी उचललेलेंच असतें. यजमानानें पैसे नाकारले तर तेवढ्या किंमतीचें धान्य, तेल किंवा मुलांच्या वह्या पुढच्या बाजारांतून घेऊन द्याव्या.

नमुन्यादाखल रोजचे २०० रुपये धरले, तर १५० दिवसांचे ३०,००० होतात. जाण्यायेण्याचें भाडें, नावेचे पैसे, पादत्राणांचा दुसरा जोड व औषधें यांची रक्कम निराळी काढावी. आणि एकूण रकमेचा तिसरा हिस्सा अडीअडचणीसाठीं बँकेंत ठेवून द्यावा. डोंगरांत मोबाईलवरून पैसे देणें सर्वत्र साधेलच असें नाहीं, म्हणून आठवड्याची सुटी रोकड जवळ असावी. हिशेब रोजचा न पाहतां आठवड्याचा पाहावा. एखादा दिवस कांहींच खर्च न होतां जातो, तर एखाद्या दिवशीं औषधालाच ५०० लागतात.

असा हिशेब आधीं बसविला, म्हणजे वाटेवर पैशाची व पाठीची चिंता मागें पडते, आणि ज्यासाठीं माणूस निघाला त्या नदीकडे पाहण्यास त्याला सवड मिळते.