तीन 'अनारकली', एक सुलोचना

१९२८ साली ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशन सलीम-अनारकलीच्या प्रेमकथेवर मूकपट काढत होती, नायिका सीतादेवी. मुंबईच्या इम्पीरियल फिल्म कंपनीने तोच विषय उचलला. दिग्दर्शक आर. एस. चौधरींनी झपाट्याने काम उरकलं आणि इम्पीरियलची 'अनारकली' आधी पडद्यावर झळकली.

तिची नायिका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स. बगदादी ज्यू घराण्यातली ही मुलगी आधी टेलिफोन ऑपरेटर होती. मूकपटात उच्चारांची अडचण नव्हती. सारी भिस्त डोळ्यांवर. सलीम होता दिनशा बिलिमोरिया.

१९३५ साली चौधरींनी याच कथेवर बोलपट केला, नायिका पुन्हा सुलोचनाच. १९५३च्या 'अनारकली'त बीना रॉय नायिका झाली, तेव्हा सुलोचना सलीमची आई, जोधाबाई होती! एकाच कथेत प्रेयसी ते सासू, असा प्रवास क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

पहिली 'अनारकली' मात्र हरवली. नायट्रेटची फिल्म झटकन पेटते, दमट हवेत चिकटून तिची भुकटी होते. बोलपट आल्यावर कित्येक मूकपटांची रिळं त्यातल्या चांदीसाठी वितळवली गेली.

कुणाच्या माळ्यावर जुना डबा असेल, तर भंगारात देण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जरूर कळवा.