लांब पायाची वाढ थांबवण्याची शस्त्रक्रिया

मुलाचा एक पाय आखूड राहिला, तर तो वाढवावा हा विचार आधी सुचतो. इटलीतील अलेस्सांद्रो कोदिव्हिला यांनी १९०५ साली हाड कापून ताणण्याची पद्धत प्रसिद्ध केली, पण त्यात मुलांना फार सोसावे लागे आणि गुंतागुंतही होई. शिकागोच्या डॅलस फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये उलट बाजूने विचार केला: लांब पायाची वाढ थांबवायची आणि आखूड पायाला तोवर गाठू द्यायचे. लांब हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिच्यासह हाडाचा चौकोनी तुकडा काढून ते उलटा बसवत. त्या जागी हाड जुळून येई आणि वाढ कायमची थांबे. पोलिओने पाय आखूड राहिलेल्या असंख्य मुलांना या उपायाचा आधार मिळाला.

खरी कसोटी वेळेची होती. कूर्चा लवकर बंद केली तर लांब पायच शेवटी आखूड पडतो, उशीर झाला तर फरक उरतो, आणि चूक सुधारता येत नाही. मेलबर्नच्या माल्कम मेनेलॉस यांनी १९६६ मध्ये मांडलेला हिशेब साधा आहे: मुलींची वाढ १४व्या, मुलांची १६व्या वर्षी थांबते, मांडीचे हाड गुडघ्याजवळ वर्षाला सुमारे १० मिमी, तर नडगीचे हाड ६ मिमी वाढते. म्हणजे १२ वर्षांच्या मुलीच्या मांडीच्या हाडाची ही कूर्चा बंद केली, तर जेमतेम २ सेंमी फरक भरून निघेल. मात्र जन्मतारखेवरचे वय आणि हाडांचे वय अनेकदा जुळत नाही. म्हणून हाताचा एक्स-रे पाहिला जातो. बोस्टनच्या ग्रीन आणि अँडरसन यांचे वाढीचे तक्ते, पुढे मोझली यांचा १९७७ चा आलेख, हे सारे याच अंदाजासाठी घडले.

वाढ थांबवून ती पुन्हा सुरू करता यावी, या आशेने वॉल्टर ब्लाउंट यांनी १९४९ मध्ये कूर्चेवर धातूचे स्टेपल बसवले. ते कधी सैल होत, कधी तुटत. एका बाजूला बसवून वाकडा गुडघा सरळ करण्याची त्यांची युक्ती मात्र टिकली. १९८०च्या दशकात छोट्या छेदातून, एक्स-रेवर पाहत कूर्चेत ड्रिल फिरवण्याची पद्धत रुळली. १९९८ मध्ये मेटेझो यांचे तिरपे स्क्रू, २००७ मध्ये पीटर स्टीव्हन्स यांची दोन स्क्रूंची छोटी प्लेट आली. वाकडेपणासाठी ही प्लेट उत्तम ठरली; लांबी जुळवण्यासाठी ड्रिलची पद्धतच अधिक खात्रीची मानली जाते. सुमारे ५ सेंमीपेक्षा मोठ्या फरकात आखूड पाय वाढवण्याचाही विचार होतो, आणि तेथे कुर्गानच्या गाव्रिइल इलिझारोव्ह यांच्या कड्यांच्या चौकटीने १९५० च्या दशकापासून वाट मोकळी केली.