लघवी साफ होते, मग मूत्रपिंडाला काय झाले?

गेल्या महिन्यात पासष्टीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन तपासणीला आले. पायांवर सूज, अन्नावर वासना नाही, जिना चढताना धाप. रक्तदाबाचा विकार दहा-बारा वर्षांचा. पण बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडलेल्या. गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी मात्र रोज, तीही दुकानातून परस्पर आणलेली. रक्ताचा रिपोर्ट पाहून त्यांना मूत्रपिंडे बिघडल्याचे सांगितले, तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. "डॉक्टर, लघवी तर भरपूर होते. रात्री तीन-तीनदा उठतो. मग किडनी खराब कशी?"

हा प्रश्न अनेक जण विचारतात. लघवी तयार करणे हेच मूत्रपिंडाचे काम, अशी आपली समजूत असते. खरे काम आहे रक्त शुद्ध राखण्याचे. लघवी किती झाली यापेक्षा तिच्यातून काय बाहेर गेले, हे महत्त्वाचे.

दोन लहान अवयव

मूत्रपिंडे कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आड असतात. उजव्या बाजूला वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड किंचित खाली असते. आकार राजम्याच्या दाण्यासारखा, लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन सुमारे १५० ग्रॅम. हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि पुढे एक लांब नळी. गुच्छात रक्त दाबाने येते. पाणी, साखर, क्षार, युरिया हे गळून नळीत उतरतात; रक्तपेशी आणि प्रथिने मागे राहतात.

गाळायचे १८० लिटर, टाकायचे दीड

असे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. घरातले २०० लिटरचे पिंप डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. रक्तातला पातळ भाग असतो जेमतेम ३ लिटर. म्हणजे तो दिवसातून ६० वेळा गाळून निघतो.

पण लघवी होते फक्त दीड लिटर! बाकीचे पाणी जाते कुठे? तांदळातले खडे आपण वेचून काढतो. मूत्रपिंडाची रीत याच्या उलट आहे. ते खडे-तांदूळ सगळेच बाहेर ओतते आणि मग हवे तेवढे तांदूळ वेचून परत घेते. नळीतून जाताना सगळी साखर, बहुतेक मीठ आणि शंभरातले नव्याण्णव भाग पाणी रक्तात परत जाते. नको असलेला मळ थोड्या पाण्याबरोबर बाहेर पडतो.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होईल. मेलेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. त्याचे काम उरलेले नेफ्रॉन अंगावर घेतात. म्हणूनच एक मूत्रपिंड दान करणारी निरोगी व्यक्ती दुसऱ्यावर नीट जगू शकते. मात्र दोन्हीकडचे बरेच नेफ्रॉन गेले, की पाणी परत ओढून घेण्याची ताकद कमी होते. निरोगी मूत्रपिंड रात्री लघवी घट्ट करते, म्हणून आपण सलग झोपू शकतो. दुबळ्या मूत्रपिंडाची लघवी पातळ आणि भरपूर. पाणी जाते, मळ मागे राहतो. रात्री उठावे लागण्यामागे मधुमेह किंवा वाढलेले प्रोस्टेटही असू शकते, म्हणून घाबरून न जाता तपासणी करावी.

आणखी तीन कामे

रक्तपेशी तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला मूत्रपिंडच पाठवते. हाडांसाठी लागणारे ड जीवनसत्त्व तेच कामाजोगे करते. रक्तदाब सांभाळण्यातही त्याचा हात असतो. म्हणून मूत्रपिंड बिघडले की रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो. आणि चढलेला रक्तदाब उरलेल्या नेफ्रॉनचेही नुकसान करतो. डायालिसिसचे यंत्र गाळण्याचे काम करते, तेही साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. ही बाकीची कामे त्याला जमत नाहीत. त्यासाठी औषधे घ्यावी लागतात.

वेळीच ओळखावे कसे?

मूत्रपिंड सहसा दुखत नाही. पाठ दुखली की किडनी गेली, असे समजू नये. आणि काही दुखत नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. दोन साध्या तपासण्या पुरतात. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जाते का, हे पाहावे. गाळणी फाटू लागल्याची ती पहिली खूण असते. दुसरी, रक्तातील क्रिएटिनीन. मात्र निम्मे काम थांबेपर्यंत क्रिएटिनीनचा आकडा सर्वसाधारण मर्यादेत राहू शकतो. म्हणून वय धरून काढलेला गाळण्याचा वेगही डॉक्टरांना विचारून घ्यावा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी या तपासण्या वर्षातून एकदा कराव्यातच.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंडाला रक्त पोहोचवणारी वाहिनी रुंद ठेवणारे द्रव्य या गोळ्यांमुळे कमी होते. दिवसभर उन्हात राबल्यावर किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर शरीरात पाणी आधीच कमी असते. अशा वेळी ही गोळी महागात पडते. वयस्कर माणसांनी अधिक जपावे. अनोळखी माणसाने दिलेल्या पुड्याही टाळाव्यात; त्यांत शिसे किंवा पारा असल्यास मूत्रपिंडाला धोका असतो.

पाणी तहानेप्रमाणे आणि कामाप्रमाणे प्यावे. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी थोडे जास्त. पण ज्यांच्या पायांवर सूज आहे, त्यांनी 'पाणी पिऊन किडनी साफ होईल' या समजुतीने तांब्यामागून तांब्या रिचवू नये. त्यांनी किती प्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

त्या गृहस्थांच्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू केली, जेवणातले मीठ कमी केले. सूज उतरली आहे. गेलेले नेफ्रॉन परत येणार नाहीत, पण उरलेल्यांवर डायालिसिसशिवाय बरीच वर्षे काढता येतील, अशी आशा आहे. त्या दिवशी निघताना त्यांच्या चाळिशीतल्या मुलालाही बसवून घेतले. त्याने आयुष्यात कधी रक्तदाब मोजला नव्हता. मोजला, तर १५० वर १०० निघाला.