दहा मूल्ये आणि एक टकळी

मूल्यशिक्षणाचा आढावा म्हटला की आपले तज्ज्ञ कोठारी आयोगापासून सुरुवात करतात. मग १९८६ च्या धोरणातले गाभाघटक, श्रमप्रतिष्ठेपासून सौजन्यशीलतेपर्यंतची आपली दहा मूल्ये, अलीकडचा मूल्यवर्धन कार्यक्रम. हा क्रम शिक्षकांना तोंडपाठ आहे. मी तिथे रेंगाळत नाही.

माझ्या मते आढाव्याचा आरंभ नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यात आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी हाताचे उत्पादक काम, असा तिचा कौल पडला. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. पुढच्या वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला आणि आर्यनायकम व आशादेवी यांनी सेवाग्रामात ही शिक्षणपद्धती नई तालीम म्हणून उभी केली. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजनाही त्याच काळातली. तिच्या नावावरून मोठा वाद झाला, आणि शाळा सगळ्यांची असायची तर नावही सगळ्यांना आपले वाटले पाहिजे, हे तेव्हाच दिसले.

सेवाग्रामात कपाशी हेच पाठ्यपुस्तक होते. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू वळायचे, टकळीवर कातायचे. पेळू ओबडधोबड असला की सूत तुटते; नीटनेटकेपणावर वेगळा धडा कशाला? ६४० तारांची गुंडी मोजली की गणित झाले आणि खरेपणाही झाला, कारण कमी तारांची गुंडी हातात घेताच कळते. सफाई पाळीने सगळ्यांकडे येई. ज्या समाजात झाडू जातीवरून हाती येतो, तिथे समतेचा याहून थेट पाठ मला माहीत नाही.

हे बालमजुरीचे गोंडस नाव आहे, असे काही विद्वान आजही म्हणतात. मुलांच्या सुतावर शाळेचा खर्च भागवावा, हा हिशेब मलाही कधी पटला नाही. पण तो बाजूला ठेवला तरी कामाचे मोल उरतेच. दुसरा पक्ष मूल्यांना स्वतंत्र विषय आणि गुण मागतो. गुण लागले की मुले संवेदनशीलतेची व्याख्या पाठ करतील. शेजारच्याचा डबा सांडला तर आपल्यातली पोळी देतीलच, याची हमी कोण घेणार?

शाळा तपासताना मी किती परिपाठ ऐकले! सुविचार, बोधकथा, दिनविशेष, सगळे खणखणीत. परिपाठ संपला की मैदानातला कचरा मात्र शिपाईमामांनी उचलायचा. आमच्या विदर्भातल्या एका खेड्यात उलटे पाहिले. परसबागेतली वांगी पोषण आहाराला किती आणि घरी किती, यावर चौथीची मुले भांडली. बाईंनी निकाल दिला नाही. मुलांनाच बसवून ठरवायला लावले. त्या अर्ध्या तासात अर्धी राज्यघटना शिकवून झाली.

आज कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असतो आणि शिष्यवृत्तीच्या सरावात जातो. सेवाग्रामात २००५ पासून नई तालीमची आनंद निकेतन शाळा पुन्हा चालू आहे, म्हणजे ही वाट बुजलेली नाही. नव्या समित्या नकोत. कार्यानुभवाचा तास मुलांना परत द्या, आणि शाळेतले एक खरे काम त्यांच्यावर सोपवा.